दक्षमित्रेची ओवरी आणि कादंबरीतल्या राण्या

ऐतिहासिक कादंबरीतली प्राचीन स्त्री ओळखणे सोपे असते. ती पहाटे सज्जात उभी राहून रणांगणावर गेलेल्या पतीची वाट पाहते. तिला एक कपटी सवत असते आणि एक विश्वासू दासी असते. शेवटच्या प्रकरणात ती पुत्राच्या मस्तकी हात ठेवून आशीर्वाद देते आणि कथानकातून निघून जाते. काळ सातवाहनांचा असो वा यादवांचा, तिच्या अंगावर नऊवारीच असते, आणि तिच्या मुदपाकखान्यात पोर्तुगीज गलबतांबरोबर आलेली मिरची दीड हजार वर्षे आधीच कुटली जात असते.

हा धागा या स्त्रीच्या विरोधात आहे. मिरचीपुरती तक्रार असती तर ती एका तळटीपेत संपली असती. तक्रार अशी की ही कल्पित राणी ज्या जागेवर बसली आहे, ती जागा रिकामी नव्हती. तिथे खऱ्या स्त्रिया नावानिशी उभ्या होत्या, आजही आहेत. त्यांना उठवून हिला बसवले गेले.

नाशिकजवळ, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या टेकडीवर चोवीस लेणी आहेत. शिलालेखांत या टेकडीचे नाव 'तिरण्हु' म्हणजे त्रिरश्मी. लोक तिला पांडवलेणी म्हणतात. पांडवांनी तिथे एक दगडही कोरल्याचा पुरावा नाही. लेणी बौद्ध भिक्षुसंघासाठी कोरली गेली आणि कोणी कोरवली हे भिंतींवर लिहून ठेवलेले आहे. म्हणजे दात्यांची नावे भिंतीवर स्पष्ट असताना महाकाव्यातले पाच भाऊ टेकडीचे मालक झाले. कल्पित कथा इतिहासाला कशी गिळते याचे याहून ठसठशीत उदाहरण शोधायला नाशिक सोडून कुठे जाण्याची गरज नाही.

शहराच्या नावाचेही तेच. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक इथे कापले म्हणून हे नाशिक, असे प्रत्येक शाळकरी मुलाला सांगितले जाते. श्रद्धेचा भाग श्रद्धेकडे राहू द्यावा. परंतु ज्या शहराची ओळख एका स्त्रीच्या विद्रूप केलेल्या चेहऱ्यावरून सांगितली जाते, त्याच शहराच्या वेशीवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या किमान सात-आठ स्त्रियांची नावे दगडात कोरलेली आहेत, आणि त्या मुलांना त्यांतले एकही ठाऊक नसते, ही गोष्ट श्रद्धेच्या खात्यावर टाकता येत नाही.

कोण होत्या या स्त्रिया?

अठराव्या क्रमांकाचे लेणे म्हणजे इथले चैत्यगृह. ते पूर्णत्वास नेले भट्टपालिकेने. तिने आपली ओळख सविस्तर दिली आहे: महाहकुसिरीची नात, चालिसिलणचा राजामात्य अरहलय याची कन्या, भांडागारिक असलेला राजामात्य अगियतणक याची पत्नी, कपणणकाची माता. त्याच चैत्यगृहाच्या दाराच्या कमानीचे दान धंभिक गावच्या ग्रामस्थांचे आहे आणि त्या लेखात 'नासिक' हे नाव येते. सहाव्या लेण्यात वीर नावाचा व्यापारी आहे. लेणे त्याचे, पण एक खोली त्याची बायको नंदसिरी हिच्या नावाने आणि एक मुलगी पुरिसदत्ता हिच्या नावाने स्वतंत्र नोंदलेली आहे. विसाव्या लेण्याची कथा तर कुणाही कादंबरीकाराला मोह पडावा अशी. बोपकी नावाच्या यतीने ते खोदायला घेतले, काम अनेक वर्षे अर्धवट पडून राहिले, आणि यज्ञ सातकर्णीच्या सातव्या वर्षी महासेनापती भवगोप याची पत्नी वासू हिने ते पुरे करून दिले. लेखात तिला 'महासेणापतिनी' म्हटले आहे.

आणि दहाव्या लेण्यात दक्षमित्रा आहे.

तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. दक्षमित्रा म्हणजे क्षहरात क्षत्रप नहपान याची मुलगी आणि उषवदाताची पत्नी. शक कुळातली. तिच्या पतीचे लेख लांबलचक आहेत. गाई, गावे, घाट, धर्मशाळा, नद्यांवरच्या मोफत होड्या, सगळ्याची यादी त्यांत आहे. दक्षमित्रेचा लेख एका खोलीच्या दारावर आहे आणि तो एका दमात वाचून होतो: अमक्याची मुलगी, अमक्याची पत्नी दक्षमित्रा हिचे हे दान, 'ओवरक'. मराठीतली ओवरी ती हीच. देवळाच्या आवारात आजही जो शब्द ऐकू येतो, तो दोन हजार वर्षांपूर्वी एका शक राजकन्येने आपल्या नावाशेजारी लिहवून घेतला होता.

हा काळ कोणता? नहपानाच्या कालनिर्णयावर मतभेद आहेत, परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा मध्य ते दुसऱ्या शतकाचा आरंभ या पट्ट्याबाहेर तो जात नाही. जगाच्या दुसऱ्या टोकाला ज्या काळात नव्या करारातली पुस्तके लिहिली जात होती, तोच हा काळ. तुलना ओढूनताणून आणलेली नाही. भडोच आणि कल्याणच्या बंदरांतून तांबड्या समुद्राकडे जहाजे जात होती. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात ही बंदरेही आहेत आणि नहपान असावा असे मानले जाणारे एक नावही.

बायबलकालीन स्त्रियांवर गेल्या काही दशकांत पश्चिमेत कादंबऱ्यांचे पीकच आले. त्यांतली सर्वाधिक गाजलेली अनिता डायमंट यांची 'द रेड टेंट', १९९७ची. उत्पत्तीच्या चौतिसाव्या अध्यायात याकोबाची मुलगी दीना येते. तिच्यावर जे गुदरते त्यावरून भाऊ एका अख्ख्या नगरातल्या पुरुषांची कत्तल करतात, पण स्वतः दीना त्या अध्यायात एकही वाक्य बोलत नाही. डायमंट यांनी तिला पुस्तकभर बोलते केले. मूकपणाला वाचा देण्याची इच्छा रास्तच. पण ती देताना सगळ्या स्त्रिया मासिक पाळीत एका लाल तंबूत एकत्र जमून गुजगोष्टी करतात, अशी एक रचना उभी केली. त्या तंबूचा उत्पत्तीच्या पुस्तकात मागमूस नाही. आणि मग हजारो वाचकांना तो तंबू इतिहासच वाटू लागला.

गंमत अशी की त्याच प्रदेशातली एक खरी स्त्री तोवर सापडलेली होती. मृत समुद्राजवळच्या एका गुहेत यिगाएल यादिन यांच्या उत्खननात १९६१ साली चामड्याच्या बटव्यातून पस्तीस कागदपत्रे निघाली. ती बाबथा नावाच्या ज्यू स्त्रीची. काळ साधारण इ. स. ९४ ते १३२. भाषा ग्रीक, अरामी, नबाती. बाबथाला लिहिता येत नव्हते, पण कागद जपायचे कसे हे तिला पक्के ठाऊक होते. तिच्या खजुराच्या बागा होत्या. रोमन जनगणनेत तिने त्यांची नोंद केली. पहिला नवरा वारल्यावर मुलाचे पालक पोटगीला महिना दोनच दीनार देतात म्हणून ती त्यांच्याशी भांडली. दुसऱ्या नवऱ्याची आणखी एक बायको होती, मिर्याम. तो मेल्यावर दोघींत मालमत्तेचा वाद झाला. बंडाच्या धामधुमीत बाबथा गुहेत आश्रयाला आली आणि कागद तिथेच राहिले. त्याच गुहेत किल्ल्याही सापडल्या आणि आरसाही.

लाल तंबूपेक्षा हा बटवा किती मोठा आहे! दोन सवतींचे भांडण इथेही आहे, पण ते नवऱ्याच्या प्रेमासाठी नाही, बागेसाठी आहे. एखाद्या लेखिकेला बाबथाचे मन रंगवायचे असेल तर त्या पस्तीस कागदांच्या कुंपणात राहून रंगवावे लागेल, आणि ते कुंपणच तिची कल्पना धारदार करील. नाशिकच्या भिंती म्हणजे नेमके असेच कुंपण आहे. मराठी कादंबरीने ते ओलांडून जाण्याचीही तसदी घेतली नाही. ती त्या बाजूला क्वचितच फिरकली.

१८७१च्या 'मोचनगड'पासून मराठी ऐतिहासिक कादंबरी गडकोटांत रमली, नंतर पेशवाईच्या दिवाणखान्यांत. त्यात वाईट काही नाही. वाईट हे की त्या दिवाणखान्यांतून निघालेली स्त्री पुढे सर्व काळांसाठी साचा ठरली. प्राचीन काळावर लिहायची वेळ आली की तीच बाई दागिने बदलून पुन्हा उभी राहते. आणि अलीकडे तिला एक नवा मुलामा मिळाला आहे: ती 'सक्षम' झाली आहे. घोड्यावर बसते, तलवार चालवते, सभेत पुरुषांना सुनावते. सज्जात रडणारी जितकी खोटी तितकीच हीही. दोघींनाही लेख वाचायचा कंटाळा आहे.

या नव्या मुलाम्याचा सर्वांत मोठा बळी म्हणजे गौतमी बलश्री.

सातवाहन राजे आईचे नाव लावत, म्हणून ती मातृसत्ता होती, हे विधान समाजमाध्यमांवर दर महिन्याला नव्याने उगवते. २०१७ साली आलेल्या 'गौतमीपुत्र सातकर्णी' या तेलुगू चित्रपटाने त्याला पडद्यावरचा थाट दिला: राजा मोठ्या सोहळ्यात आईचे नाव स्वतःच्या नावाआधी जोडतो. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पण गौतमी हे आईचे व्यक्तिनाम नव्हे. ते गोत्रावरून आलेले नाव आहे. तिचे स्वतःचे नाव बलश्री. वासिष्ठीपुत्र, माठरीपुत्र, हारितीपुत्र ही नावे त्याच पद्धतीची, आणि ती सातवाहनांपुरती मर्यादितही नाहीत. आंध्रातल्या इक्ष्वाकूंमध्ये वासिष्ठीपुत्र आहेत, नाशिकच्याच आभीर राजाच्या लेखात माठरीपुत्र आहे. अनेक राण्या करणाऱ्या राजघराण्यात अमुक राजपुत्र कुठल्या गोत्राच्या राणीच्या पोटचा हे सांगण्याची ती सोय असावी. गादी मात्र बापाकडून मुलाकडेच जात होती. ज्या मुलाच्या नावात आईचे गोत्र आहे पण आईचे नाव नाही, त्या नावाला मातृसत्तेचा झेंडा म्हणणे म्हणजे वासिष्ठीपुत्राच्या आईलाच विचारून पाहावे, बाई तुमचे नाव काय? लेखांत उत्तर नाही.

बलश्रीचे नाव मात्र आहे, कारण तिने ते स्वतः लिहवून घेतले. तिसऱ्या लेण्यातला तिचा लेख तिच्या नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, एकोणिसाव्या वर्षाचा. तोवर मुलगा गेलेला होता. भद्रायनीय पंथाच्या भिक्षूंना लेणे देताना या वृद्ध राजमातेने गेलेल्या मुलाची प्रशस्ती कोरवली, आणि प्राचीन महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासाचा मोठा भाग त्या एका लेखावर उभा आहे. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले तो, शक-यवन-पल्हवांचा संहार करणारा, क्षत्रियांचा दर्प आणि मान मर्दन करणारा. ही विशेषणे पाठ्यपुस्तकातून सर्वांना पाठ असतात. ती एका आईने मुलाच्या पश्चात लिहवली, हे पाठ्यपुस्तकात सहसा उरत नाही.

तेवढ्यावरून बलश्रीची मूर्ती घडवायला घेणाऱ्यांनी पुढचे शब्दही वाचावेत. त्याच प्रशस्तीत मुलाचे एक श्रेय असे नोंदले आहे की त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला. स्वतःविषयी ती सांगते ते सत्य, दान, क्षमा, अहिंसा, तप, नियम, उपवास. राजर्षीची वधू या शब्दाला साजेसे सारे. ही समानतेची पुरस्कर्ती नव्हे. बौद्ध भिक्षूंना लेणे देणारी आणि त्याच लेण्याच्या भिंतीवर वर्णशुद्धीचा अभिमान मिरवणारी अशी ही बाई आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे ज्या लेखकाला पेलत नाही, त्याने दुसरा विषय घ्यावा. आणि तिच्या पुढच्या पिढ्यांनी काय केले? कान्हेरीच्या एका पाण्याच्या टाक्यावरच्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातली, म्हणजे शक महाक्षत्रपाची मुलगी, असल्याचे नमूद आहे. हा सातकर्णी पुळुमावीचा भाऊ मानला जातो. म्हणजे शकांचा संहार आणि वर्णसंकराचा प्रतिबंध ज्या आजीने कोरवून ठेवला, तिची नातसून शक निघाली. रुद्रदामनाचा जुनागढचा लेख इ. स. १५०च्या सुमाराचा, दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवूनही जवळच्या नात्यामुळे नष्ट केले नाही, असे तो सांगतो. त्या नात्याची कडी जी असावी, त्या राणीचे नाव कान्हेरीच्या लेखात वाचायला मिळत नाही.

आता तिसऱ्या लेण्यातून बाहेर पडून दहाव्याकडे चालत जावे. अंतर मोजक्या पावलांचे. बलश्रीच्या प्रशस्तीत आणखी एक विशेषण आहे: 'खखरातवंस-निरवसेसकर', क्षहरात वंशाचा निःशेष नाश करणारा. ते केवळ अलंकारिक नाही. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले ठसे मारले होते. शत्रूचा चेहरा खोडून त्यावर आपले नाव. उषवदाताच्या ताब्यातले दोनशे निवर्तने शेत गौतमीपुत्राने अठराव्या वर्षी, वैजयंती सेनेच्या छावणीतून आज्ञा काढून, इथल्या भिक्षूंना दिले. हा लेखही तिसऱ्या लेण्यातच आहे.

तिकडे दहाव्या लेण्यात निःशेष झालेल्या त्या वंशाची मुलगी आपल्या ओवरीच्या दारावर शाबूत आहे. नाण्यांवर ठसे मारणाऱ्यांनी तिचे नाव खरवडले नाही. किंबहुना बलश्रीचे लेणे कोरणाऱ्यांनी दक्षमित्रेच्या पतीच्या लेण्याचा नमुना समोर ठेवला. खांब आणि त्यांची शीर्षे ताडून पाहिली की लक्षात येते. एका राजघराण्याचा उच्छेद केल्याची द्वाही ज्या लेण्यात फिरवली, त्या लेण्याचा आराखडा त्याच राजघराण्याकडून घेतला.

या दोन स्त्रिया एकमेकींना कधी भेटल्या का? तसा पुरावा नाही आणि भेटवण्याची गरजही नाही. साच्यातली कादंबरी मात्र त्यांना भेटवल्याशिवाय राहणार नाही. दक्षमित्रेचे गौतमीपुत्रावर चोरटे प्रेम असेल, बलश्री तिला विषाचा पेला पाठवील, आणि मुखपृष्ठावर कमळ हातात घेतलेली अजिंठ्याची चित्राकृती, जी या दोघींच्या नंतर काही शतकांनी रंगवली गेली.

बलश्रीच्या सत्तेबद्दल विचारायचे तर विचारण्यासारखे ठिकाण वेगळेच आहे. तिसऱ्या लेण्यातच गौतमीपुत्राच्या चोविसाव्या वर्षाची एक आज्ञा आहे. ती राजाची, आणि त्यासोबत 'जीवसुता राजमाता' हिची. पुत्र जिवंत असलेली राजमाता. आज्ञा गोवर्धनाचा अमात्य सामक याला उद्देशून. गोवर्धन म्हणजे गंगापूर रस्त्यावरचे आजचे गोवर्धन गाव. मजकूर अगदी कारकुनी: कखडी गावात भिक्षूंना जे शेत दिले होते ते कसले जात नाही, गावही ओस आहे; तेव्हा नगराच्या सीमेवरच्या राजशेतातून शंभर निवर्तने द्यावीत. राजा हयात असताना आईच्या नावाने आज्ञा का निघाली? तो आजारी असावा, असा एक तर्क आहे. संयुक्त कारभाराचाही तर्क झाला. आणि त्या लेखाच्या शेवटी, दस्तऐवज पार पाडणाऱ्यांमध्ये, आणखी एका स्त्रीचे नाव आहे: 'पटिहाररखी' लोटा. प्रतिहाररक्षी, राजद्वाराची रखवालदारीण. राजमातेची आज्ञा ज्या हातांतून बाहेर पडली, त्यांतले एक लोटाचे.

तलवार नाही, सिंहासन नाही. पडीक शेत, ओस गाव, एक अमात्य, एक द्वारपालिका आणि वृद्ध राजमाता. सत्तेचे इतके खरे दृश्य कुठल्याही साच्यातल्या राणीला मिळालेले नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. या सगळ्या श्रीमंत स्त्रिया. राजकन्या, सेनापत्नी, अमात्यांच्या बायका, व्यापाऱ्याच्या मुली. शिवाय प्रत्येकीची ओळख मुलगी, बायको, आई अशीच. मग भिंतीवरच्या नावांचे एवढे कौतुक कशाला? आक्षेप बरोबर आहे. ज्यांच्याकडे दान द्यायला काही होते, त्यांचीच नावे उरली. गावकुसातल्या बाईचे आयुष्य हवे तर हालाच्या गाथासंग्रहाकडे वळावे लागते, जिथे गोला नदी म्हणजे गोदावरी आहे, शेते आहेत, शिकाऱ्यांची घरे आहेत. टीकाकार काही गाथा रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशा कवयित्रींच्या नावेही सांगतात. पण त्या शृंगाराच्या कविता आहेत, जनगणनेचे तक्ते नव्हेत, आणि त्यांतली प्रत्येक नायिका ही गोदाकाठची साक्षीदार मानणे म्हणजे पुन्हा तीच चूक, फक्त रसिक थाटात.

मग कादंबरीला जागा कुठे? जागा आहे, आणि ती दहाव्या लेण्यातच आहे. उषवदाताच्या दानांच्या यादीत, गाई आणि गावे यांच्या ओळीत, एक नोंद येते: प्रभास या तीर्थी ब्राह्मणांना आठ भार्या दिल्या. 'अष्टभार्याप्रद'. अभ्यासक याचा अर्थ आठ ब्राह्मणांच्या विवाहाचा खर्च केला असा लावतात, आणि तो लावणे रास्त आहे. पण खर्च कुणाचाही असो, दिल्या गेल्या त्या आठ मुली होत्या. कुणाच्या? कुठून आणल्या? प्रभास सौराष्ट्राच्या समुद्रकाठी. त्यांच्यातल्या किती जणींनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला? गाईंची संख्या लेखात आहे, नारळाच्या रोपांची संख्या आहे, मुलींची संख्या आहे. नावे नाहीत. त्याच लेण्यात त्याच घरची सून, दात्याची पत्नी, आपल्या ओवरीवर स्वतःचे नाव कोरवून उभी आहे.

इथे इतिहासकाराचे काम संपते, कारण त्याच्याकडे यापुढे पुरावा नाही. इथून पुढे ज्याला लिहायचे आहे त्याला कल्पना लागेल, आणि ती त्याच्या हक्काची आहे. पण मराठी कादंबरी नेमकी या उंबऱ्यावर येत नाही. जिच्याबद्दल पुरावा आहे तिच्यावर ती कल्पना उधळते, आणि जिच्याबद्दल कल्पनेखेरीज दुसरा आधारच नाही तिला विसरते. हे उलटे आहे. बलश्रीला वाचायला हवे. कल्पना त्या आठजणींसाठी राखून ठेवायला हवी.

तशीच दुसरी जागा विणकरांच्या श्रेणींत. उषवदाताने बेचाळिसाव्या वर्षी गोवर्धनातल्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका कोलिक श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. हिशेब चोख बसतो. मुद्दल मोडायचे नाही, व्याज खायचे. पण त्या मागांना सूत कोण पुरवत होते? अर्थशास्त्रातला सूत्राध्यक्ष विधवा, अपंग स्त्रिया, वृद्ध दासी, संन्यासिनी यांच्याकडून सूत कातून घेतो. तो नियम गोवर्धनात जसाच्या तसा चालत होता असे म्हणता येणार नाही. तरी नाशिकच्या भिक्षूंच्या अंगावरचे वस्त्र ज्या सुताचे, ते सूत काढणारे हात कुठल्या लेखात नाहीत, एवढे नक्की. शेकडा एक दराने जगणाऱ्या घरातली एखादी सूतकातणी ही नायिका का होऊ शकत नाही, याचे उत्तर राजवाड्याच्या सज्जातून मिळणार नाही.

प्राचीन स्त्रियांकडे पाहण्याची दुसरी दृष्टी मराठीत नाही असेही नाही. इरावती कर्वे यांचे 'युगान्त' १९६७चे. गांधारी, कुंती, द्रौपदी यांना त्यांनी देव्हाऱ्यातून खाली उतरवले आणि नात्यागोत्याच्या, वारशाच्या, वयाच्या प्रश्नांसमोर उभे केले. ती कादंबरी नव्हे, म्हणूनच कदाचित ती जमली. त्या पुस्तकाचे कौतुक सर्वांनी केले, अनुकरण कुणी केले नाही. सज्जा तसाच राहिला.

एक स्त्री अजून राहिली, आणि सर्वांत शेवटी तिला ठेवण्याचे कारण तिचा काळ. सातवाहन संपले, नाशिकवर आभीर आले. शिवदत्ताचा पुत्र माठरीपुत्र ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षी, तिसऱ्या शतकात, दहाव्या लेण्याच्या अंगणातल्या भिंतीवर एक लेख कोरला गेला. दाती विष्णुदत्ता. शक अग्निवर्मा याची मुलगी, गणपक रेभिल याची पत्नी, गणपक विश्ववर्मा याची आई. उपासिका. आणि स्वतःला ती 'शकनिका' म्हणवते, शकाची बाई. ज्या टेकडीवर शकांच्या संहाराची प्रशस्ती काही पिढ्या आधी कोरली गेली, तिथेच, शक दक्षमित्रेच्या लेण्यात, ही आपले शकपण न लपवता सांगते.

तिने लेणे दिले नाही, मूर्तीही नाही. कुंभार, पाण्याची यंत्रे चालवणारे आणि तेली यांच्या श्रेणींकडे तिने पैसे ठेवले. प्रयोजन एका शब्दात लिहिले आहे: 'गिलानभेसज', आजारी भिक्षूंचे औषध. भिक्षू कुठल्याही दिशेने आलेला असो, चारही दिशांच्या संघातला कुणीही. लेखातली काही अक्षरे झिजली आहेत. पावसाळ्यात तिरपे ऊन नसते तेव्हा ती वाचणे कठीण जाते. हिवाळ्यात सकाळी लवकर गेल्यास विष्णुदत्तेचे नाव दिसते.